मिस देव झाल्या तेव्हा

आमच्या मिसना कॉम्प्युटर सुरू करता यायचा, बंद करता यायचा नाही. संध्याकाळी निघताना त्या मॉनिटरवर आपला नॅपकिन टाकायच्या, वरून दोनदा थोपटायच्या आणि म्हणायच्या, "झोप बाबा आता." मग आमच्यातलं कुणीतरी उठून तो बंद करायचं. आणि ह्या बाई आमच्या ऑनलाइन गेमच्या कंपनीत हेड गेम डिझायनर होत्या! हसा, खुशाल हसा. मीही पहिल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन हसून आले होते.

त्या मूळच्या पीटीच्या मिस. जबलपूरला खमरियाकडच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पोरं पळवली. रिटायर झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही रिटायर झाली नाही. मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागले की फुर्रर्र! चहा आला की एक बारकी शिट्टी. आणि उशिरा येणाऱ्याला दारातच जागच्या जागी पळायला लावायच्या, मग तो कुणी का असेना. आमचे मालकही त्यातून सुटले नव्हते, कारण ते मिसचे विद्यार्थी. कांचघरला मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर एक घामाघूम मालक दारात धापा टाकतोय आणि मिस घड्याळाकडे पाहून म्हणताहेत, "गुडघे वर, गुडघे वर! शाळेतही असाच होतास तू," हे दृश्य पाहायला खालचा मिक्सरवाला मुद्दाम जिन्यात येऊन उभा राहायचा.

त्यांना कामावर ठेवलं कसं, ते मालक रंगवून सांगायचे. जबलपुरात डिझायनर टिकत नव्हता. जरा हात बसला की पुण्याला पळ, नाहीतर बेंगलोरला. एक दिवस मिस भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या. मालकांनी कौतुकानं त्यांना गेम दाखवला. गेम साधा होता. कातळातून वाहणारी अरुंद नदी, दोन नावा, दोन खेळाडू. जो आधी पलीकडे पोचेल तो जिंकला, आणि वाटेत दुसऱ्याला कातळावर ढकलायची मुभा. मिसनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यात आउट झालेली पोरं कुठं बसतात?"

"कहीं नहीं, मिस. बाहर हो जाती हैं."

"मग काय करतात?"

"चली जाती हैं."

"काहून?"

 नवे लोक एकदा हरून निघून जात होते, परत येत नव्हते, हेच तर मालकांचं दुखणं होतं, आणि ते ह्या बाईंनी पत्रिका हातात धरूनच ओळखलं. पत्रिका राहिली बाजूला, मिसना त्या दिवशी खुर्ची मिळाली.

आता माझं सांगते. मी तिथं कम्युनिटी मॅनेजर होते. हे घरी समजावणं म्हणजे महाकठीण. माझ्या मोठ्या काकूंना तर ठामपणे वाटायचं की मी कुठलातरी कम्युनिटी हॉल सांभाळते. त्यांच्या शेजारणीच्या नातवाच्या मुंजीसाठी त्यांनी मला दोनदा फोन केला, "बाई, आपल्या माणसाला जरा बघून दे ना तारीख, आणि आचारी आतला घ्यावा लागतो का गं?" मी किती सांगितलं की अहो काकू, माझी कम्युनिटी इंटरनेटवर असते, तर म्हणाल्या, "असू दे, पंखे आहेत ना?"

खरं काम म्हणजे खेळणाऱ्यांच्या शिव्या वाचणं आणि त्यांच्याशी गोड बोलणं. "गेम फालतू है." "सब चीटिंग है." "नए आदमी को मारते हो, शरम नहीं आती?" आणि मी प्रत्येकाला लिहायची, आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है. इतक्यांदा लिहिलं की एकदा घरी बाबांच्या पायावर खुर्ची ठेवली गेली आणि माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं. बाबा कळवळायचं विसरून माझ्याकडे बघत राहिले.

मला डिझायनर व्हायचं होतं. अगदी मनापासून, झोपेत बडबडण्याइतकं. दुसऱ्यांनी केलेल्या खेळाबद्दल मी दिवसभर माफी मागायची, आणि मला तर एकदा, एकदाच, असं काही करायचं होतं की ज्यासाठी कुणाची समजूत काढायची वेळच येऊ नये. मिसना विचारलं तर त्यांनी वर न पाहता सांगितलं, "नाही."

दुसऱ्यांदा मी तयारीनं गेले. खेळणाऱ्यांना काय काय पाहिजे ते सगळं घोकून गेले. मोठ्या नावा पाहिजेत, शिडं पाहिजेत, तोफ पाहिजे, एकाला तर नावेत कुत्रा पाहिजे होता. मिसनी सगळं ऐकून घेतलं. कुत्र्यावर जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "वर्गातली पोरं म्हणायची, मिस, पाणी प्यायला जाऊ? कुणाला तहान लागलेली असायची का त्यांच्यापैकी? त्यांना वर्गाबाहेर जायचं असायचं. आणि तू त्यांना पेलेच्या पेले पाणी पाजून राहिली."

"पण मिस, त्यांनी मागितलं म्हणून..."

"मागितलं ते वाढणारा वाढपी असते बाई. तुला वाढपी व्हायचंय का?"

मला राग आला. म्हटलं, मग काय करू ते तरी सांगा! माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडे बसलेल्या बड्डेनं हेडफोन काढला. बड्डे म्हणजे आमचा कोड लिहिणारा प्रोग्रामर. सतना गावचा, धिप्पाड, मराठीशी त्याचा काही संबंध नाही. जबलपुरात सगळेच एकमेकांना बड्डे, म्हणजे मोठा भाऊ, म्हणतात, पण ह्याला ते नाव असं चिकटलं की खरं नाव विचारायला आता लाज वाटेल.

मिस उठल्या. "चला, गच्चीवर. तू पण, बड्डे."

गच्चीवर कडक ऊन होतं. मिसनी खडूनं दोन लांब रेघा ओढल्या, ही नदी. पाण्याच्या टाकीजवळ एक गोल, तो कातळ. मी आणि बड्डे म्हणजे नावा. हाताची घडी, एक पाय वर, लंगडत पलीकडे जायचं, खांद्यानं ढकललं तरी चालेल. मी म्हटलं, मिस, हा किती मोठा आणि मी केवढी! मिस म्हणाल्या, "तुझ्या त्या नव्या खेळणाऱ्यांनाही असंच वाटून राहिलं असेल." आणि शिट्टी मारली.

बड्डेनं मला ढकललंही नाही हो, नुसता तो जवळून गेला. त्या वाऱ्यानंच मी टाकीजवळ जाऊन बसकण मारली. आणि बसल्या बसल्या, काही विचार न करता, नागपूरला मामाच्या अंगणात ओरडायचे तशी मी ओरडले, "पहिला डाव देवाचा! हा धरायचा नाही!"

मिसनी एवढी मोठी शिट्टी मारली की खालून मिक्सरवाला धावत वर आला.

"काय म्हणाली तू?"

"पहिला डाव देवाचा..."

"हे तुमच्या त्या खेळात कुठं आहे?"

कुठंच नव्हतं. प्रत्येक मराठी पोराला ठाऊक असतं की पहिला डाव मोजायचा नसतो. तो देवाला द्यायचा, हात साफ करून घ्यायचा, हसून घ्यायचं, खरा खेळ मग सुरू. आणि आमच्या गेममध्ये नवा माणूस आला रे आला की त्याचा पहिलाच पराभव त्याच्या नावापुढे कायमचा ठोकून टाकत होतो. मिसनी कपाळावर हात मारला. "पोरं खेळवण्यात जन्म गेला माझा आणि मीच विसरले! बाप्पा रे!"

मग त्या टाकीला टेकून बसल्या आणि खदखदून हसत म्हणाल्या, "तुला हे सुचणारच. आपण जबलपूरचे मराठी लोक कोण? लिंबू-टिंबू! प्रांत वाटले तेव्हा नागपूर तिकडं महाराष्ट्रात गेलं, आपण इकडं राहिलो. खेळात तर आहोत, पण मोजत कोणी नाही. पण एक सांगू का, सगळ्यात मजा लिंबू-टिंबूच करतो. पडला तरी उठून पळते, त्याला कोण आउट करणार?"

त्याच पावली त्या मला मालकांसमोर घेऊन गेल्या. मालक म्हणाले, "ठीक है, दिवाली तक. नए लोग टिक गए तो डिझाइन की कुर्सी तुम्हारी. नहीं टिके तो वापस शिकायतें, और मैं पुणे से किसी को बुला लूँगा." मी आनंदानं जिन्यातून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले आणि तेवढ्याच उत्साहात बड्डेला मोबाइलवर संदेश लिहिला. त्याला कळावं म्हणून हिंदीत: हर नए खिलाड़ी का पहला डाव देव का.

बड्डेनं उत्तर दिलं, "हो जाएगा."

आणि झालं की! इथं एक सांगायला हवं. आमच्या धंद्यात कोड लिहिणाऱ्याला इंग्रजीतला 'डेव्हलपर' शब्द तोडून 'देव' म्हणतात. बड्डेसारखे सगळे देवच. आणि गेम तपासून पाहण्यासाठी त्याचं एक जे वेगळं खातं होतं, त्या खात्याचं नावही देव. बिचाऱ्याला माझ्या संदेशात काहीच वावगं दिसलं नाही. पहिला डाव देवचा म्हणजे पहिला डाव देवशी. त्यानं रातोरात अशी व्यवस्था केली की गेममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाची पहिली झुंज लागेल ती थेट देवाशी.

सकाळी मी येऊन तक्रारी उघडल्या. देवाचं खातं चालवायला कुणी बसलेलंच नव्हतं, त्यामुळे देवाची नाव काठाशी नुसती उभी. आणि समोर भांबावलेले नवे लोक! "ये देव कौन है, हिलता क्यों नहीं?" "देव नाराज है क्या?" "गलती से देव की नाव डूब गई, पाप तो नहीं लगेगा?" एकानं विचारलं, नवस बोलला तर चालेल का.

मालक आले, त्यांनी पाहिलं, आणि उशीर झाल्यामुळे दारात पळायचं होतं तेही विसरले. "ये क्या तमाशा है? अभी के अभी बंद करो! और तुम," माझ्याकडे बोट दाखवून, "कुर्सी भूल जाओ." बड्डे म्हणाला, "पर इन्होंने ही तो लिखा था, देव का!"  आता पुण्याहून कुणीतरी येणार आणि मी जन्मभर खेद आहे, खेद आहे लिहीत बसणार. 

आणि मिस? मिस हसत होत्या. म्हणजे किती, तर त्यांना उभं राहता येईना. बड्डेच्या खुर्चीचा आधार घेऊन त्या खाली बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "देवाचा! देवाशी! अगं बाई बाई बाई!" मग एकदम त्यांनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय वाच बरं."

बरगीकडची एक बाई होती. तिनं लिहिलं होतं, "हम देव जी के बगल में नाव लगा के खड़े हैं. पहले वो निकलें, तो हम निकलें. कब तक खड़े रहें?"

"म्हणजे ही माउली अजून उभी आहे?" मिस म्हणाल्या. "सर रे बड्डे. देव बसून राहिला आणि भक्त उभा, हे काय बरं दिसते का?"

आणि मिस देवाच्या जागेवर बसल्या. एका बोटानं बटणं दाबत. देवाची नाव निघाली ती आधी उलटीच फिरली, मग स्वतःभोवती गोल, मग सरळ जाऊन कातळावर धाडकन. पलीकडून बाईचा संदेश आला, "देव जी, सँभल के!" मिसना चेव चढला. पदर खोचला, जीभ दातात धरली, आणि त्यांनी नाव सोडवून तिच्या मागे लावली. बाप रे, ती शर्यत! मिस तिला गाठायच्या, पुढं जायच्या, मग कातळ आला की मुद्दाम जरा जास्त वळायच्या. आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे जमून ओरडत होतो, मिक्सरवाला तर देवाच्या विरुद्ध. शेवटी बाईची नाव वीतभर पुढं राहून पलीकडे पोचली.

"जीत गए! देव से जीत गए! एक बार और खेलें?"

 एक बार और! नव्या माणसानं हे आम्हांला कधी म्हटलंच नव्हतं. मालकांनी ते वाचलं, परत वाचलं आणि चष्मा काढून खाली बसले. मिस त्यांना म्हणाल्या, "बंद करायचं का रे?" मालकांनी नुसती मान हलवली. नाही म्हणून.

मग जो धुमाकूळ झाला तो काय सांगू! बड्डेनं देवाचं खातं सगळ्या कॉम्प्युटरवर उघडून दिलं आणि आम्ही सगळेच आळीपाळीनं देव झालो. मिस मागून फिरत आम्हांला हरायला शिकवायच्या. हो, हरायला. "असं नाही! झोपून काय हरतो? त्याला कळते ना तू सोडून दिलं ते. शेवटपर्यंत झगड. त्याला वाटलं पाहिजे, थोडक्यात वाचलो. आणि मग हर." मला ते जमलं. बड्डेलाही जमलं. मालकांना काही केल्या जमेना. त्यांना जिंकायचा असा नाद की एका गरीब नवख्याला त्यांनी कातळावर आपटलंच. फुर्रर्र! देव असतानाच ते दारात जागच्या जागी पळाले.

माणसं बसवून देव किती दिवस चालवणार? मी मिसचं हरणं बघत बसायची. कुठं वेग कमी करतात, कुठं घाबरवतात, कुठं चुकल्याचं सोंग करतात. आणि मग मी आणि बड्डेनं मिळून असा देव बनवला जो आपोआप हरतो, पण अगदी जिवावर आल्यासारखा. तो हरला की समोर अक्षरं यायची: पहला डाव देव का. अब असली खेल. ती अक्षरं माझी होती. कुणाचीही माफी न मागता लिहिलेली माझी पहिली ओळ! घरी जाऊन मी ती आईला वाचून दाखवली, आई म्हणाली, "एवढीच?" मी म्हटलं, हो, एवढीच, आणि तिला गरगर फिरवलं.

दिवाळी आली. नवे लोक टिकले होते. दुसऱ्या दिवशीही येत होते, घरच्यांना घेऊन येत होते. मालकांनी पेढे आणले, सगळ्यांसमोर म्हणाले, "कुर्सी तुम्हारी," आणि मग डोकं खाजवायला लागले. कारण डिझाइनची खुर्ची आमच्याकडे होतीच एक, आणि तिच्यावर मिस बसलेल्या होत्या. खरं सांगते, तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मालक चाचरत म्हणाले, "मिस, आप भी रहिए, ये भी रहेगी... पर आख़िरी बात किसकी चलेगी?"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. म्हटलं, नको, मला नको खुर्ची. मिसची आहे, मिसचीच राहू दे. मनात काय होत होतं ते मलाच माहीत, पण म्हटलं खरं.

मिस उठल्या. "असं नको-नको करून नाही ठरत. सुटू या. हात काढा."

तिघांनी हात पुढे केले. खेळ मिस आणि माझ्यात, मालक फक्त तिसरा हात द्यायला. तुम्हांला माहीत आहे ना, हात एकदम टाकायचे, कुणी उताणा कुणी पालथा, आणि ज्याचा वेगळा तो सुटला. पहिल्यांदा तिघांचे पालथे. पुन्हा तिघांचे पालथे.  तिसऱ्यांदा माझा पालथा, मालकांचा पालथा, आणि मिसचा गोरा-गुबगुबीत हात उताणा!

"सुटले! सुटले!" मिसनी अशी उडी मारली की खालून मिक्सरवाल्यानं काठीनं छत ठोकलं.

चला, संपलं. मिस जिंकल्या, बरंच झालं, असं मी स्वतःला सांगत होते आणि डोळ्यांसमोर सगळं धूसर होत होतं. मालकही म्हणाले, "तो मिस, कुर्सी आपकी."

मिसनी आम्हां दोघांकडे असं पाहिलं की जणू आम्ही दोघं एकदमच नापास झालो आहोत. "अरे बाप्पा! सुटणाऱ्यावर राज्य असते का रे कधी? मी सुटले! राज्य हिच्यावर!"

मला कळायला क्षण लागला. मग मी हसले की रडले, दोन्ही एकदमच झालं. त्यांनी मला खांद्याला धरून त्या खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, "मिस, मला भीती वाटते. तुम्ही नसल्यावर मी काय करू?"

"काय करायचं असते राज्य आल्यावर? सगळे पळतील, तू मागं धाव. आणि ऐक, ज्याच्यावर राज्य असते ना, तोच खरा खेळत असतो. बाकीचे नुसते पळून राहिले असतात."

एवढं बोलून त्या जिन्यातून उतरल्या. पेढा तोंडात होता.

मिस आता नागपूरला मुलीकडे असतात. मी अजून त्याच खुर्चीत आहे. चार लोकांचे चार प्रश्न, रोज नवं काहीतरी फसतं, रोज कुणीतरी शिव्या घालतं, आणि मी धावत असते. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच प्रश्न विचारतात.

"सुटली का गं?"

"नाही मिस."

"मग मजा आहे," म्हणतात, आणि फोन ठेवून देतात.